अब्बासियाला मी दिलेला रंग

कुवेतला जायचं ठरलं ते ऑफिसच्या कामासाठी. तिकीट फुकट, त्यामुळे स्वारी खुशीत होती. आखाती देशांनी मिळून जमीनवापराचं एक धोरण केलंय आणि प्रत्येक देशाने आपले नकाशे त्यात बसवायचेत. कुठली जमीन कशासाठी ते नकाशात रंगाने दाखवतात, आणि कुवेतचे काही नकाशे आमच्या पुण्याच्या ऑफिसात रंगवतात. म्हणजे मीच रंगवते.

हॉटेल सालमियात, समोर समुद्र. जायचं तर हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात चुकूनही नको. दोन दिवस मीटिंगा झाल्या. तिसऱ्या दिवशी बसने अब्बासियाला, आपल्या लोकांच्या वस्तीत, निघाले (सुट्टे जवळ ठेवा). बाबांचे दापोलीचे वर्गमित्र हसनचाचा तिथे तीस वर्षं राहतात.

बसमधून उतरले आणि गल्ली ओळखली. ती मला पाठ होती, पण वरून, उपग्रहाच्या फोटोतून. एका फ्लॅटमध्ये तीन कुटुंबं, खाली किराणा, वर शिकवणी, अशा वस्तीसाठी धोरणाच्या यादीत रंगच नव्हता. मुदत संपत आली होती. तेव्हा मी ‘तात्पुरती वस्ती’चा रंग दिला होता आणि चहाला गेले होते. तात्पुरत्या वस्त्या सगळ्यात आधी हलवतात, हे मला माहीत होतं.

चाचींनी सुरमईचं कालवण केलं होतं. “जेव गो, लाजतेस काय?”

चाचा म्हणाले, “तू नकाशावाली ना? लोक बोलतात, इथल्या बिल्डिंगी जाणार. जावयाने सालमियात खोली बघितलीय, शुक्रवारपर्यंत हो-नाय सांगायचंय. काय करू?”

खरं सांगितलं असतं, तर हे कुणी केलं तेही सांगावं लागलं असतं.

“अफवा असतात हो, चाचा.”

चाचींनी आणखी एक तुकडी वाढली. मी तीही खाल्ली.

पुण्यात आल्यावर सरांना म्हटलं, यादीत एक रंग वाढवू या. “सहा देशांची यादी आहे, आपण कोण बदलणार?” ते म्हणाले. शनिवारी चाचांचा मेसेज आला: ‘सालमियाची खोली नको म्हणून कळवलं. घरची पोर सांगते म्हटल्यावर कशाला धावपळ!’

तो वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच फोन केला. “चाचा, मी खोटं बोलले. तो रंग मीच दिलाय.”

त्यांनी फोन चालू ठेवूनच जावयाला विचारलं, पण खोली दुसऱ्याला गेली होती. मग चाचा मला म्हणाले, “जेवायच्या आधी सांगायचंस गो. तरी जेवायला घातलंच असतं.”