कागदावरचे अकरा

आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कला फुटबॉलचं भारी वेड. दर शनिवारी कँटीनमध्ये आम्ही चौघं-पाचजण शहरातल्या पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांतून आपापले अकरा खेळाडू कागदावर निवडायचो. रविवारी ज्याच्या अकरा जणांचे गोल जास्त, त्याला बाकीच्यांकडून मिसळ. पेन्सिलीला थुंकी लावून हेडक्लार्क एकेक नाव लिहायचा आणि ओरडायचा, "घोडा हाय घोडा!"

त्या साली सगळ्यांत जास्त गोल आमच्या बौद्ध वस्तीतला एक फॉरवर्ड मारत होता. हेडक्लार्क दर आठवड्याला हरायचा, तरी त्याचं नाव लिहायचा नाही. शेवटी मी विचारलंच.

"पाय चांगलं हायत की त्येचं," तो म्हणाला, "पण आपल्यात बसत न्हाय."

"साहेब, मीबी त्याच वस्तीतला हाय."

"तुझं येगळं हाय की! तू शिकलेला," म्हणत त्यानं हसून माझ्यापुढं चहा सरकवला.

माझं डोकं सणकलं. त्याच्या हातातली पेन्सिल हिसकावून त्याच्याच कागदावर मी ते नाव ठळक लिहिलं.

"आता खोडून दाखवा."

त्यानं खोडलं नाही. शांतपणे दुसरा कोरा कागद घेतला.