जुन्या पक्षाघाताचा शिक्का

मुरबाडच्या एका लहानशा धर्मादाय रुग्णालयात मी एकोणीस वर्षे नोंदणीचे काम केले. मुळात मी डी.एड. झालेली. शिक्षिकेची नेमणूक मिळेपर्यंत तात्पुरते म्हणून या खिडकीत बसले आणि मग नेमणुकीची वाट पाहणे हळूहळू सुटले. शाळेसाठी जमवलेल्या सवयी मात्र सुटल्या नाहीत. समास सोडून लिहायचे, अंक रकान्याच्या मधोमध काढायचे, शंका आली की पुस्तक उघडायचे आणि पुस्तकात उत्तर सापडले की शंका मिटली असे समजायचे. या शेवटच्या सवयीबद्दल मी इथे लिहिणार आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही रजिस्टरमध्ये आजाराचे नाव लिहीत होतो, तेही ज्याला जसे सुचेल तसे. एकच आजार एका पानावर ‘लकवा’, दुसऱ्यावर ‘पॅरॅलिसिस’ आणि तिसऱ्यावर ‘अर्धांग’ असे. दोन हजार सालानंतर केव्हातरी आदेश आला की प्रत्येक निदानापुढे संकेतांक लिहायचा. एक अक्षर आणि दोन-तीन अंक. त्यासाठी शहापूरला तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पक्षाघाताची पाळी आली.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त होते, आवाज बारीक, पण सांगणे स्वच्छ. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. मेंदूचा झटका आत्ताच आलेला असेल आणि तो रक्तस्रावाने आला की गुठळीने हे कळलेले नसेल, तर आय ६४. झटका येऊन गेला आहे आणि त्याने मागे ठेवलेले लुळेपण, वाकडे तोंड, अडखळती वाचा एवढेच उरले आहे, तर ते ‘परिणाम’, आणि त्यांची जागा आय ६९. ताजा कोणता आणि जुना कोणता हे कसे ओळखायचे, असे मी विचारले. डॉक्टरांनी ‘जुन्याचे परिणाम’ असे लिहिले असेल तर प्रश्नच नाही, नसेल लिहिले तर झटक्याला वर्ष उलटले का ते पाहा, असे ते म्हणाले. मला ते फार आवडले. माणसाच्या शरीरात कुठेतरी अशी सरळ रेघ मारता येते, हे मला तोवर माहीत नव्हते.

आमच्याकडे त्या दुसऱ्या रकान्यातली माणसे पुष्कळ होती. पण ती स्वतः येत नसत. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांतून लुळ्या माणसाला एस.टी.त चढवून आणणे सोपे नव्हते. म्हणून महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, घरचे कोणीतरी नुसता केसपेपर घेऊन यायचे आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन जायचे. माणूस घरी, कागद दवाखान्यात. सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली रीत होती ती.

त्या दिवशी डॉक्टरांच्या दाराशी इतकी गर्दी होई की तापाने फणफणलेली पोरे तासन् तास खोळंबत. मी एक सोय काढली. कल्याणहून एक रबरी शिक्का करून आणला : ‘जुना पक्षाघात – परिणाम – आय ६९’. ज्याच्या झटक्याला वर्ष उलटले आहे, त्याच्या कागदावर मी जांभळ्या शाईत तो उमटवायची. शिक्क्याचा कागद डॉक्टरांच्या रांगेत जात नसे. तो थेट औषधाच्या खिडकीवर जाई आणि डॉक्टर दुपारी सगळ्या गठ्ठ्यावर एकदम सह्या करीत. रांग निम्मी झाली. डॉक्टरांनी चारचौघांत माझे कौतुक केले. बायका मला ‘शिक्केवाली बाय’ म्हणू लागल्या.

त्या बायकांत एक साधारण पन्नाशीची होती. तिचे गाव सिद्धगडाच्या बाजूला, शेवटच्या एस.टी. थांब्यापासून दीड तास चालत. घरी भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर नाचणी. दोन वर्षांपूर्वी खळ्यावर भात झोडताना तिच्या नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. उजवा हात आणि पाय तेव्हापासून जवळजवळ निकामी. माणूस मात्र जिद्दीचा. डाव्या हाताने जेवायला शिकला, डाव्या हाताने लंगोटी बांधायला शिकला. बांबू पायाखाली दाबून डाव्या हाताने कामट्या काढायचा आणि बायको त्यांच्या टोपल्या विणायची. त्या घराचे निम्मे काम त्या एका हातावर चालले होते. हे सगळे ती मला दर महिन्याला थोडेथोडे सांगायची, रांगेत उभी राहून.

एका हिवाळ्यात, पौषातल्या बाजारी ती आली. तिच्यापुढच्या बाईने तिची चेष्टा चालवली होती. “तुझा आदमी बरा गो. तोंड वाकडं झालंय म्हून शिव्या तरी नीट देवत नाय त्याला. माझा बघ, हातपाय गेले न् जीभ दुप्पट झाली.” रांग हसली. ही मात्र पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि खिडकीशी आल्यावर हळूच म्हणाली, “बाय, त्याचा डावा पण जड पडलाय. कामटी सुटतेय हातातून. चार दिस झालं.”

हे वाक्य मी नीट ऐकले होते. ऐकलेच नाही असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. मी तिचा कागद उलटा करून पहिल्या झटक्याची तारीख पाहिली. दोन वर्षे उलटून गेली होती. वर्षाच्या रेघेच्या पलीकडे. म्हणजे परिणाम. पुस्तक डोळ्यांपुढे होते आणि पुस्तकात उत्तर होते.

“जुन्याचंच आहे ते, मावशी,” मी म्हणाले. “थंडीत असं होतं. शेकत जा.”

वर्गात एखाद्या मुलीची अडचण सोडवून दिल्यावर जसा आवाज लागतो, तसा तो लागला होता. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. मी शिक्का उमटवला. ती गोळ्या घेऊन गेली.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. बाजाराच्या दिवशी येणाऱ्यांची, आमच्याकडे राहणारी नोंदीची कार्डे मी सकाळीच क्रमाने लावून ठेवीत असे. संध्याकाळी उरलेली कार्डे पुन्हा खणात जात. त्या दिवशी तिच्या नवऱ्याचे एकच कार्ड टेबलावर उरले. एखादा महिना चुकणे काही नवे नव्हते. लग्नसराई असते, पाहुणे असतात. पण कार्ड खणात ठेवताना मला तिचे ‘चार दिस झालं’ आठवले आणि ते आठवणे पुढे थांबेना. भाकरी करताना आठवे, रजिस्टर आखताना आठवे. डावा. दोन वर्षे उजव्याची गोष्ट चालली होती आणि ती डावा म्हणाली होती.

चौथ्या दिवशी मी शहापूरच्या प्रशिक्षणाची वही शोधून काढली. दोन रकान्यांच्या खाली, माझ्याच अक्षरात, अधोरेखित करून लिहिलेले होते : ‘जुन्या रुग्णाला नवा झटका आल्यास तो नवाच. वर्ष मोजायचे ते नव्या झटक्यापासून.’ मी हे ऐकले होते, समजून घेतले होते, उतरवले होते आणि खाली रेघही मारली होती. मग शिक्का करून घेतला होता, ज्यात या ओळीला जागा नव्हती.

मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि जे झाले ते क्रमाने सांगितले. ते लिहीत होते, ते थांबले. गठ्ठ्यावर सह्या त्यांच्याच होत्या हे कदाचित त्यांच्याही मनात आले असेल. “निरोप पाठवा,” एवढेच म्हणाले. “आजच.”

त्या गावाला फोन नव्हता. निरोप जायचा तो एस.टी.च्या कंडक्टरकडून. तो शेवटच्या थांब्यावरच्या टपरीवाल्याला सांगणार, टपरीवाला डोंगरात जाणाऱ्या कोणालातरी. मी चिठ्ठी लिहिली, ती दोनदा वाचून पाहिली आणि कंडक्टरला तोंडीही सांगितले. त्यानंतर तीन दिवस दर एस.टी.च्या वेळेला मी खिडकीतून रस्त्याकडे पाहत असे. चिठ्ठी कुठवर पोचली असेल याचा हिशोब करीत असे. त्याआधी महिनाभर आपण असा कोणताच हिशोब केला नाही, हे त्याच वेळी कळत असे.

चौथ्या दिवशी दुपारी जीप आली. चौघांनी त्याला झोळीतून थांब्यापर्यंत आणले होते, तिथून जीपने. मी त्या माणसाला प्रथमच पाहत होते. दोन वर्षे ज्याच्या नावावर मी संकेतांक लिहिला, तो असा दिसतो. रुंद कपाळाचा, बारीक केस कापलेला. डावा हात पोटावर कोणीतरी नीट उचलून ठेवल्यासारखा पडला होता. डोळे सगळीकडे फिरत होते. त्याला बोलायचे होते, आवाज घशातच घोळत होता. चमचाभर पाणी दिले तर ठसका लागून ते नाकातून आले.

डॉक्टरांनी त्याच्या बायकोला विचारले, हा हात कधी गेला?

“पौषातल्या बाजाराच्या आदी चार दिस,” ती म्हणाली. आणि माझ्याकडे हात करून, तक्रारीचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाली, “या बायला सांगितला होता मी. बाय म्हनल्या जुना हाय, शेका. मी रोज शेकला त्याला.”

डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते नंतर, बाहेर, हळू आवाजात. पहिला झटका मेंदूच्या एका बाजूला होता, हा दुसऱ्या. एक बाजू गेली तर गिळायचे काम दुसरी सांभाळून घेते. दोन्ही गेल्या की घास आणि श्वास यांची वाट वेगळी राहत नाही. महिनाभर त्या बाईने त्याला पेज पाजली होती आणि तिच्या नकळत ती थोडीथोडी छातीत उतरली होती. तिने मला सांगितले तेव्हाच आणला असता तर काय झाले असते, हे मी विचारले. ते म्हणाले, हात वाचला असता असे मी म्हणणार नाही. पण नळीतून कसे भरवायचे, कसे बसवायचे, हे तिला शिकवता आले असते.

पाचव्या दिवशी सकाळी तो गेला. छातीचा ताप उतरलाच नाही.

मृत्यूच्या कारणाचा जो नमुना असतो, त्यात वरून खाली क्रमाने लिहायचे असते. कशाने गेला, ते कशामुळे झाले, ते मुळात कशामुळे. आणि प्रत्येक ओळीपुढे एक लहान रकाना असतो : सुरुवातीपासून मृत्यूपर्यंतचा काळ. डॉक्टरांनी कारणे लिहिली. सर्वांत खालच्या ओळीत पक्षाघात, ताजा. मी तिथे आय ६४ लिहिले. काळ भरायचा राहिला होता. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच मोजा, तारीख तुम्हाला माहीत आहे. मी पंचांग घेऊन मोजले. त्रेचाळीस दिवस. त्यांतले चार सोडले तर बाकीचे एकोणचाळीस मला ठाऊक होते.

दहाव्यानंतर ती कागद न्यायला आली. बाजाराचाच दिवस होता, रांग होती. मी कागद पुढे केला तशी ती म्हणाली, “यात कशानं गेला ते लिवलंय का, बाय? वाचा.”

मी वाचले. इंग्रजी शब्दांचे मराठी करत, वरून खाली, न वगळता. दिवसांचा आकडाही वाचला. तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले.

“मंजी मी सांगितला तवाच सुरू झालेला,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले. “तेव्हा मी चुकले.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असे मला वाटले नाही आणि क्षमा केली असेही वाटले नाही. हे नवीन काहीतरी आहे आणि ते घरी नेऊन नीट पाहावे लागेल, अशी ती पाहत होती. मग कागदाची घडी करून तिने चोळीत ठेवली आणि ती दाराकडे गेली. ती मला पुन्हा कधी दिसली नाही.

तिच्यामागची बाई पुढे सरकली. डोंगरातलीच, एकटीच आलेली. तिने कागद खिडकीतून आत सरकवला आणि रीतीप्रमाणे न विचारताच सांगितले, “तसाच हाय, बाय.”

तसाच म्हणजे कसा, असे मी विचारले. खातो का, गिळतो का, दुसरा हात कसा आहे. ती गोंधळली. असे तिला आजवर कोणी विचारले नव्हते. तिने आठवायला सुरुवात केली, आणि रांग मागे कुरकुरत असताना, लेखणी खाली ठेवून, मी तिच्या तोंडाकडे पाहत बसले.