वायपरचं पासिंग

आमच्या घरात एक गाडी आहे. ती पावसात बाहेर काढायची नाही, उन्हात उभी करायची नाही आणि बाजारात तर न्यायचीच नाही. मग ती आहे कशासाठी, असं मी लग्न होऊन आल्यावर विचारलं होतं. तो प्रश्न घरात अजून तसाच पडून आहे.

लाल रंगाची, बुटकी, दोनच माणसांची गाडी. वर कापडी टप, तोही बहुतेक वेळा मागे दुमडलेला. सासऱ्यांनी ती तरुणपणी पाचगणीच्या एका शाळेत पियानो शिकवणाऱ्या परदेशी साहेबाकडून घेतली. साहेब मायदेशी परत चालला होता आणि निघालेल्या माणसाला नाही म्हणणं सासऱ्यांना जमत नसे. सासरे गेल्यावर ती माझ्या नवऱ्याच्या ताब्यात आली. दर रविवारी ते तिला मऊ फडक्याने पुसतात. मी सांगलीत पिठाची गिरणी आणि मसाल्याचं कांडप चालवते. ज्या यंत्रातून काही निघत नाही त्याला मी यंत्र म्हणत नाही. पण पुसणाऱ्याला पुसू द्यावं.

यंदा गाडीचं पासिंग आलं. जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आरटीओच्या साहेबांसमोर ती उभी करावी लागते आणि दिवा, हॉर्न, ब्रेक सगळं चालवून दाखवावं लागतं. त्याच सुमारास पुण्याहून मोठ्या दिरांचा फोन आला. गाडीत त्यांचाही निम्मा हिस्सा. पुणे-सातारा रस्त्यावर, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ त्यांच्या ओळखीच्या माणसाचं हॉटेल आहे. त्याला दारात चौथरा बांधून त्यावर ही गाडी ठेवायची होती. लोक फोटो काढतील, बॉनेटवर पिटुनियाच्या फुलांच्या कुंड्या ठेवता येतील.

"पासिंग झालं तर तू ठेव," दीर म्हणाले. "नाही झालं तर गाडी चौथऱ्यावर. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले आणि फोन ठेवून थेट गाडीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे कुंड्या दिसत असाव्यात.

पासिंगच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी एकेक गोष्ट चालवून पाहिली. दिवे लागले. हॉर्न वाजला, शेजारचं कुत्रं उठून गेलं. मग त्यांनी वायपरचं बटण ओढलं. आतून घुं असा आवाज आला, दोन्ही वायपर किंचित थरथरले आणि जागच्या जागी राहिले. वर थोडा जळका वास.

"बंद करा!" मी स्वयंपाकघरातून ओरडले. मोटर अडकल्याचा आवाज मला झोपेतही कळतो.

वायपर बिघडल्याचं आजवर कुणाला कळलं नाही, यात नवल काहीच नव्हतं. पावसात गाडी बाहेर काढायचीच नाही, तर वायपर लावणार कोण? मागच्या पासिंगला ते कुरकुरत का होईना चालले होते, तेवढंच.

आमच्या गिरणीचं वायरिंग बघणारे चाचा मूळचे गाड्यांचेच इलेक्ट्रिशियन. मी त्यांना बोलावलं. त्यांनी आधी फ्यूज पाहिला, तो शाबूत. बल्ब लावून वीज मोटरपर्यंत पोचतेय का पाहिलं, पोचत होती.

"मोटर गेली म्हना, वहिनी," ते म्हणाले. "हिची मोटर हितं कुठं गावनार? रिक्षाची बसवू का?"

"रिक्षाची?" हे एकदम खुर्चीवरून उठले. कुणी घोड्याला बैलाची शेपूट लावू का विचारावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"थांबा," मी म्हटलं. "गिरणी अडली की आपण आधी काय करतो चाचा?"

"पट्टा काढतो."

"मग हिचाही काढा."

मोटर बॉनेटखाली एका बाजूला होती. तिच्यापासून एक वळणारी तार नळीतून काचेखाली जाते आणि दोन्ही वायपरना हलवते. चाचांनी ती तार मोटरपासून सोडवली आणि बटण ओढलं. मोटर अशी गरगरली, की आम्ही तिघेही तिच्याकडे पाहत राहिलो.

"मोटर बेस हाय की!" चाचा म्हणाले. "अडकलंय ते म्होरं."

एवढा वेळ सासूबाई दारातल्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. वय झालंय, पण कान आणि जीभ दोन्ही जागेवर आहेत.

"मी म्हनत हुते," त्या म्हणाल्या, "औंदा दसऱ्याला नारळ बारका आनलासा. तवाच म्हनलं, गाडी रुसनार."

चाचांनी वायपरच्या बुडाचा नट सोडवून दांडी उपसली. खाली वाटीसारखं चकचकीत झाकण होतं. तेही त्यांनी पान्याने उचकटलं आणि खो खो हसायला लागले.

"वहिनी, हिकडं या. साहेब, तुमी नका येऊ."

अर्थात दोघंही गेलो. वायपर ज्या खुंटीवर फिरतो तिच्याभोवती लाल-पिवळा चिखल वाळून दगड झाला होता. हळद, कुंकू, नारळाचं पाणी आणि त्यात रोवलेल्या अक्षता. त्याखाली खुंटीला रिळासारखा गच्च गुंडाळलेला दोरा. वर नायलॉनचा, आत सुती.

मला सगळं लख्ख कळलं. खंडेनवमीला आमच्याकडे विळीपासून कांडपयंत्रापर्यंत सगळ्याची पूजा होते. गिरणीत माझा नियम आहे, हार पाटीला बांधायचा, पट्ट्याजवळ फिरकायचंही नाही. पण गाडीची पूजा आत्यांची. त्या गुळगुळीत गाडीवर हार बांधायला वायपरशिवाय दुसरी जागाच नाही. दरवर्षी त्या तिथे झेंडूची माळ करकचून बांधत आणि नारळाचं पाणी काचेवर शिंपडत. हार सुकला की हे रंगाला ओरखडा नको म्हणून कात्रीने वरचा भाग अलगद कापून काढत. गाठ तिथेच राही आणि सरकत खाली खुंटीत शिरे.

"म्हंजे माझ्या पूजेनं गाडी बंद पडली म्हना की!" आत्या ओट्यावरूनच कडाडल्या.

"तसं न्हाई आवं," चाचा म्हणाले. "माझ्या रिक्षालाबी लिंबू-मिरची हाय. पर ती भाईर लोंबती, आत शिरत न्हाई."

"पूजा हुती म्हनून आजवर चालली!"

ह्यांची पंचाईत झाली. आईची बाजू घ्यावी तर बायको पान्यासह समोर उभी, बायकोची घ्यावी तर ओट्यावर आई. ते वाकून चिमट्याने दोरा उलगडत बसले. नायलॉन संपून सुती दोरा लागला तेव्हा म्हणाले, "हा बाबा होते तेव्हाचा."

"कचऱ्याच्या डब्यात टाका," मी म्हटलं. त्यांनी तो खिशात टाकला. मी दुसरीकडे पाहिलं.

बाकीचं काम गिरणीतल्यासारखंच होतं. रॉकेल, जुना टूथब्रश, सुई, आणि धीर. दुसऱ्या बाजूच्या खुंटीची तीच कथा. खुंट्या बोटाने फिरायला लागल्यावर मी गिरणीतलं ग्रीस भरलं, चाचांनी तार जोडली आणि ह्यांनी मोठ्या हौसेने दांड्या बसवल्या. काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. बटण ओढलं. डावा वायपर काच सोडून बाहेर गेला आणि बॉनेटवर वाकून बघणाऱ्या ह्यांच्या कानाखाली वाजला. उजवा त्याच्या वाटेत येऊन अडकला.

"लय बेस!" ओट्यावरून आवाज आला.

चाचांनी दांड्या काढल्या, मोटर एकदा चालवून बंद केली, ती आपल्या थांबायच्या जागी आली, आणि मग दांड्या काचेच्या कडेला आडव्या बसवल्या. आता दोघे शेजारी शेजारी गेले आणि आले. हे कान चोळत हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी पूजा होणार हे ठरलेलंच. मी नियम सांगितले. हळद-कुंकू चाकाला, लिंबू चाकाखाली, नारळ रस्त्यावर. काचेच्या आसपास काही नाही.

"बरं," आत्या म्हणाल्या.

आत्या इतक्या लवकर कधी बरं म्हणत नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण आत्यांपेक्षा मला ब्रेकची जास्त काळजी होती.

त्या गाडीत ह्यांच्या शेजारी बसल्या, मांडीवर कापडी पिशवी. मी मागून स्कूटरवर. आरटीओच्या मैदानावर रांग होती. हे कागद घेऊन खिडकीकडे गेले, मी स्कूटर लावायला गेले. परत येते तर टप दुमडलेल्या गाडीत आत्या उभ्या, काचेवरून ओणवून दोन्ही हातांनी काहीतरी करकचून बांधतायत.

"आत्या!"

"रिकामं वाईट दिसतंय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. दोन्ही वायपरना मिळून झेंडूचा घसघशीत हार.

मी पुढे व्हायच्या आत हे गाडीत येऊन बसले आणि आरटीओचे साहेब तिथे पोचले. तरुण, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोबाइल. प्रत्येक गोष्टीचं चित्रण व्हायचं होतं. दिवे झाले, इंडिकेटर झाले.

"वायपर लावा."

ह्यांनी हाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मला पिटुनियाच्या कुंड्या स्पष्ट दिसल्या. पण साहेबांचा मोबाइल सुरू झाला होता. ह्यांनी डोळे मिटून बटण ओढलं.

मोटर क्षणभर घुमली. आणि मग वायपर निघाले, हार घेऊन. डावीकडे, उजवीकडे, एखाद्या मिरवणुकीत झांज वाजवावी तसा हार झुलत होता आणि प्रत्येक फेऱ्याला पाकळ्या उडत होत्या. साहेबांच्या शर्टावर, मोबाइलवर, मिशीत. साहेब हलले नाहीत. चित्रण पूर्ण होईपर्यंत तसेच उभे राहिले.

"बंद करा," ते म्हणाले. मिशीतली पाकळी काढली. "वायपर चालतो. हॉर्न वाजवा."

हॉर्न वाजला. पासिंग झालं.

"बगितलंस?" आत्या मला म्हणाल्या. "हारासकट वडलं. कालच्याला नुसतं बी हालत नव्हतं."

ह्यांनी तिथूनच दिरांना फोन लावला. "झालं!" एवढंच म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "कुंड्या? कुंड्या त्या हॉटेलवाल्याला चौथऱ्यावर नुसत्याच ठेवायला सांग."

घरी येताना आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. तरी पुढे लाल गाडीचे वायपर चालूच होते. कोरड्या काचेवर, हारासकट, विश्रामबागच्या चौकापर्यंत. सिग्नलला लोक वळून बघत होते, आत्या त्यांना हात करत होत्या. मी मागे स्कूटरवरून जिवाच्या आकांताने ओरडत होते, "अहो, बंद करा! रबर झिजेल! परत दोरा जाईल आत!"

ह्यांना ऐकू येत नव्हतं, असं ते घरी आल्यावर म्हणाले.