टाचणीची खाज आणि दादाचं बोट

दादाला कुणी विचारलं, काय करता, तर तो म्हणतो, "पुस्तकं बांधतो." बस, एवढंच. मग मला मध्ये तोंड घालावं लागतं. ग्रंथालयांची पुस्तकं, वकिलांचे जाडजूड ठोकळे, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेतून निघालेली, पान न् पान सुटलेली पोथडी, हा माणूस अशी बांधून देतो की पुढची पन्नास वर्षं बघायला नको. दादा माझा थोरला भाऊ. दुकान आमच्या वडिलांचं. खाली एक लांबट खोली, तिच्यात मोठं लाकडी टेबल, लोखंडी प्रेस आणि कापडाचे गुंडाळे. आणि वर आम्ही दोघं राहतो. शिवण माझ्याकडे, चिकटवणं त्याच्याकडे. त्याच्या कामात मी लुडबुड केलेली त्याला खपत नाही, आणि माझ्या कामात त्याने केलेली मला.

दादा खळ बोटाने लावतो. खळ म्हणजे मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर घोटत घोटत शिजवायचा, पारदर्शक होईपर्यंत. ती टिकावी म्हणून बरेच जण तिच्यात मोरचूद घालतात, विषच ते. दादा नाही घालत. रोज सकाळी वरच्या माझ्या स्वयंपाकघरात ताजी खळ करतो आणि पातेलं तसंच ठेवून खाली जातो. तीस वर्षं मी त्यावरून भांडतेय. ब्रश हे हौशी लोकांचं काम, असं वडील म्हणायचे, म्हणून दादाही म्हणतो. उजव्या हाताची दोन बोटं वाडग्यात बुडवायची, पुठ्ठ्यावरून एकदाच सरसर फिरवायची, की झालं. कुठे थेंब नाही, कुठे गुठळी नाही. मी त्याची बहीण असून सांगते, बघत राहावं असं काम.

वहिनी गेली तेव्हा मात्र तो सहा महिने खाली उतरलाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा, पण माणूस जागेवर नव्हता. मी चिडले, रडले, सगळं करून पाहिलं. शेवटी समोरच्या घड्याळजीच्या कुत्रीला पिल्लं झाली, आणि त्यातलं सगळ्यात बारकं त्याने दादाच्या पांघरुणावर आणून ठेवलं. पांढरी, इवलीशी, दात मात्र अणकुचीदार. दादा तिला टाचणी म्हणायला लागला. तिला शूसाठी खाली न्यावं लागायचं. असा तो खाली उतरला, आणि खाली उतरल्यावर दुकान दिसलं. त्या कुत्रीवर मी पहिले दिवस किती डाफरले असेन, पण ती आली नसती तर आज माझा भाऊ मला दिसला नसता. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण ती आधीच डोक्यावर बसलेली आहे.

दोन वर्षांची झाली आणि टाचणी खाजवायला लागली. आधी कान, मग पोट, मग पंजे. पंजे चावून चावून लाल करायची. कानाला वास यायला लागला, पोटावरचे केस गेले. डॉक्टरबाईंनी पिसवा पाहिल्या, खरूज पाहिली, कानात औषध घातलं. महिनाभर बरं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"अॅलर्जी दिसतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खाण्याची असेल, धुळीची असेल, दोन्हीचीही असेल. आधी खाण्याचं बघू. आठ आठवडे फक्त दोनच गोष्टी, आजवर तिने कधी न खाल्लेल्या. मासा आणि रताळं. बाकी एक कणसुद्धा पोटात जाता कामा नये. गेला तर पुन्हा पहिल्यापासून."

दादाला असलं काही सांगायची खोटी. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सुरेख अक्षरात पाटी लिहून त्याने दारात टांगली : "कुत्रीला काहीही घालू नये. अगदी प्रेमानेसुद्धा नाही." गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याचे खिसे बघायचा. टाचणीचं भांडं वेगळं, ते पुसायचं फडकं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातातून बिस्किटाचा कोपरा पडला आणि तिने तो मटकावला. काय तो थयथयाट!

"धाकटे, तुला कळतं का काही? तिच्या जिवाशी खेळ चाललाय!"

"चिमूटभर बिस्किटाने जीव जातो होय?"

"पुन्हा पहिल्यापासून! तीन आठवडे पाण्यात!"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आठ आठवडे पुन्हा सुरू झाले, आणि पुरेही झाले. टाचणी मासा चवीने खायची, रताळं चवीने खायची, आणि चवीनेच पंजे चावायची. फरक शून्य.

तेवढ्यात दादा जिन्यावरून घसरला. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, दुकान सहा आठवडे बंद. आणि काय सांगू, तिसऱ्या आठवड्यापासून टाचणीचे पंजे निवळायला लागले! पोट गुलाबीचं पांढरं झालं. कोवळे केस आले. आम्ही दोघं तिला उताणं करून पोट बघत बसायचो. मग प्लास्टर निघालं, दुकान उघडलं, आणि आठवड्याभरात टाचणी पुन्हा कराकरा खाजवायला लागली.

आता सांगा, कुणालाही काय वाटेल? दुकान बंद तर बरी, दुकान उघडं तर आजारी. जुन्या पुस्तकांची धूळ! डॉक्टरबाईही म्हणाल्या की असू शकतं. आम्ही तिला वरच्या खोलीत ठेवून पाहिलं. पडदे काढले, गादीला रोज ऊन दाखवलं, फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. थोडा फरक पडला, पण थोडाच. कान पुन्हा फुटला. ती रडायची नाही, पण रात्र न् दिवस तिचं ते चाटणं, चपचप चपचप. ऐकवत नसे.

एका दुपारी दादा जेवता जेवता म्हणाला, "घड्याळजीची बहीण घेईल म्हणते तिला. मोकळं घर आहे. रविवारी न्यायला येईल."

माझा घास तसाच राहिला. "अरे, पण विचारलंस कुणाला?"

"दुकान बंद केलं तर तू काय करशील? तुझं आयुष्य त्या सुईदोऱ्यात गेलंय. आणि तिला इथे ठेवली तर तिची कातडी सोलून निघेल. दुसरा मार्ग सांग."

जेवून तो आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. ती पाठ मी सहा महिने बघितलेली होती. कुत्री गेली की हा पुन्हा खाली उतरणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. तो दिवस मंगळवार. रविवारला मधले चार दिवस.

मी तडक डॉक्टरबाईंकडे गेले. "काहीतरी करा," म्हटलं, "कुत्रीसाठी नको, माझ्या भावासाठी करा." एरवी मी कुणापुढे हात पसरत नाही. बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं. बराच विचार करून म्हणाल्या, "ताई, एक दिवस काम करू नका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त तिच्या तोंडाकडे बघा. जीभ ज्याला ज्याला लागेल, ते लिहून काढा. पाणी, फरशी, चप्पल, काहीही. हे खाणं आहे की नाही, ते तुम्ही ठरवू नका. नुसतं लिहा."

बुधवारी मी दुकानात स्टुलावर बसले, हातात वही. टाचणीला दोरी लावून खाली आणली. दादा हसला, पण हसणं नावापुरतंच. "बहीण माझी फौजदार झाली," म्हणाला आणि कामाला लागला.

मी लिहीत गेले. पाणी. स्वतःचा पंजा. दादाचा हात. पंजा. टेबलाचा पाय. दादाचा हात. दादाचा हात. टेबलाचा पाय. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की दादा एक पुठ्ठा चिकटवून झाला की उजवा हात सहज खाली सोडतो. अगदी सहज, त्याचं त्यालाही कळत नाही. आणि टाचणी येऊन ती दोन बोटं चाटूनपुसून साफ करते. मग दादा तिच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि पुढचा पुठ्ठा घेतो. हात साफ झाला नसेल तर टेबलाच्या पायाला पुसतो. वडीलही तिथेच पुसायचे. मी वाकून पाहिलं. त्या पायावर खळीची पुटंच्या पुटं चढलेली, आणि टाचणीच्या उंचीपर्यंत मात्र लाकूड चाटून चाटून गुळगुळीत झालेलं.

"दादा," मी म्हटलं, "खळ कशाची असते रे?"

"डोकं फिरलं का तुझं? मैद्याची."

"आणि मैदा कशाचा?"

त्याने वर पाहिलं. बोटं वाडग्यातच होती. मग त्याने खाली पाहिलं. टाचणी शेपूट हलवत हात खाली यायची वाट बघत होती.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही मला तिच्या खाण्याची चार पानी यादी दिली होती. त्यात हे का नाही?"

"अहो बाई, खळ काय खाणं आहे का? खळ म्हणजे खळ!"

खरं सांगते, आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. वडिलांपासून खळ हे हत्यार. कातर, सुई, खळ. पातेलं माझ्या चुलीवर, पीठ माझ्या डब्यातलं, तरी ते खाणं नव्हे. बंद दुकानात धूळ तशीच होती, नव्हती ती फक्त खळ. वरच्या खोलीत ठेवली तरी दादा जेवायला वर यायचा तो तीच बोटं घेऊन, आणि दारातच ती झेपावायची. दारावर पाटी टांगणारा, खिसे तपासणारा माझा भाऊ तिला दिवसातून पंचवीस वेळा स्वतःच्या हाताने भरवत होता.

दादाने वाडगं टेबलाच्या पार पलीकडे सरकवलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, माझा लळा आहे तिला."

मी त्याला चिडवणार होते. बिस्किटाचा सूड घ्यायची याहून चांगली संधी कधी येणार होती? पण त्याचा चेहरा बघून मी उठले आणि ओलं फडकं आणून त्याच्या हातात दिलं.

रविवारी घड्याळजीची बहीण आली, चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेली. दादा बोथट सुरीने टेबलाचा पाय खरवडत बसला होता. वडिलांच्या वेळची पुटं निघताना त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. आणि सोमवारी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, माझ्या भावाने ब्रश विकत आणला. पहिले पंधरा दिवस त्याचं काम बघवत नव्हतं. गुठळ्या काय, ओघळ काय! तीन पुस्तकं त्याने उसवून पुन्हा बांधली. खळ आता तांदळाच्या पिठाची, झाकणाच्या डब्यात, आणि कामाचा अॅप्रन दुकानातच टांगलेला राहतो. बोटाने लावणं त्याने सोडलं ते सोडलंच. एवढा अभिमान असलेला माणूस, पण ब्रशचं नाव काढून एकदाही कुरकुरला नाही.

मासा आणि रताळ्याचे आठ आठवडे पुन्हा मोजले. या वेळी खरे. कान सुकले, केस भरले. मग डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून एक दिवस पावाचा तुकडा दिला, तिसऱ्या दिवशी कान लालबुंद. खात्री पटली, गहूच. धुळीचंही थोडं आहेच म्हणतात. वारं सुटलं की पंजे खाजतात, म्हणून फिरून आली की पंजे ओल्या फडक्याने पुसायचे, अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात, आंघोळ औषधाच्या शाम्पूने, आणि अगदीच वाढलं तर गोळी. ती बरी होणार नाही, तिला सांभाळायचं. ठीक आहे. आम्ही तरी कुठे एकदम ठणठणीत आहोत?

पण एक गोष्ट सांगायची राहिली. दादाने हात साबणाने धुवायला सुरुवात केली, तसं टाचणीने त्याच्याकडे जाणं सोडलं. तो हात खाली सोडायचा, ती यायची, हुंगायची आणि पाठ फिरवून माझ्या पायाशी येऊन बसायची. दादा हात मागे घेऊन पुढच्या पुठ्ठ्याला लागायचा. एकदाच म्हणाला, "बरोबर आहे तिचं. खळीपुरतीच ओळख होती." मला त्या कुत्रीचा असा संताप आला! मी तिला कोपऱ्यात घेऊन झाडलंसुद्धा, की बाई गं, ज्याने तुझ्यासाठी बापाचं बोट सोडलं त्याला तू पाठ दाखवतेस? तिने माझं नाक चाटलं.

दोनेक महिने असेच गेले. परवा संध्याकाळी काम आटोपून दादा मोरीत हात धूत होता. मी दिव्याखाली सुईत दोरा ओवत होते. टाचणी माझ्या पायापासून उठली, मोरीपाशी गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि दादाच्या गुडघ्यावर पंजे टेकले. तो वाकला. ओला हात पुढे केला, नुसता, पाण्याने स्वच्छ, कशाचाही वास नसलेला. तिने हुंगला. उगीच जरा विचार केला. आणि चाटायला लागली, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, सावकाश, काही मिळणार नाही हे पक्कं माहीत असताना.

"धाकटे," दादा तिथूनच म्हणाला, "नळ बंद कर गं. माझा हात अडकलाय."

मी उठले आणि नळ बंद केला.