संध्याकाळची गिनती

कमल गेल्याची बातमी मला गंगारामने दिली. पहाटे मागच्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर हा पायरीखाली उभा. "मॅडम, ताई उठंनात..." एवढंच म्हणाला. मुलांनो, तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, मी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. डॉक्टर येऊन हृदय बंद पडल्याचं सांगून गेले, तरी मी कपाटाचं दार ओढून पाहिलं, तिच्या हातातल्या बांगड्या पाहिल्या, आणि मगच तिच्याजवळ बसून रडले.

कमल तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. नर्स म्हणून आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर विहारातल्या मंडळींबरोबर दर रविवारी तुरुंगात वंदना घ्यायला जाऊ लागली. तिथून सुटलेल्या, पण घरचे दारात उभं करत नाहीत अशा माणसाला ती आपल्या मागच्या खोलीत ठेवून घ्यायची. एका वेळी एकच. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तिच्या प्रत्येक पाहुण्याबरोबर माझी झोप उडायची. गंगाराम शेवटचा. पाचोडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. चराईच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली, तो भाऊ मेला. शिक्षा भोगून आला तेव्हा गावाने त्याला वेशीवरूनच परत पाठवलं होतं.

तो फार वाकून बोलायचा. इतकं वाकणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. कमल त्याला रोज पंचशील म्हणायला लावायची. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "ताई, माझा देव खंडोबा हाय." ती म्हणाली, "असू दे की. चोरी करू नको, दारू पिऊ नको म्हटलं तर खंडोबा काय रागावतो का?" तो हसला नाही, पण म्हणाला. मनातून म्हणतो की जेवणासाठी म्हणतो, हा प्रश्न मी तिला विचारला, तर तिचं उत्तर तयार, "वहिनी, तोंडातून तर जातंय ना रोज?"

त्याची एक सवय मला सगळ्यात खटकायची. दिवेलागणीला हातातलं काम टाकून तो अंगणातल्या नळापाशी ताठ उभा राहायचा. कमल ओसरीवर यायची, हाक मारायची, "गंगाराम!" तो म्हणायचा, "हाजिर!" मग ती म्हणायची, "झाली गिनती, जा." तुरुंगात संध्याकाळी माणसं मोजून कोठडी बंद होते, आणि बाहेर आल्यावर कुणी मोजलंच नाही म्हणून त्याला झोप लागेना, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, नाटक आहे हे, तुझ्या मनात घर करायचं आणि मग खऱ्या घरात. "असंल," ती म्हणाली. तिच्या या 'असंल'ने माझा फार संताप व्हायचा.

मग तिचं मनगटी घड्याळ हरवलं. मी तेव्हाच बोट दाखवलं. कमलने त्याची बाजू घेतली नाही. संध्याकाळी गिनतीच्या वेळी सरळ विचारलं, "घड्याळ तू घेतलंस का?" "नाय, ताई." "बरं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. असं चालता चालता एका संध्याकाळी तो ओरडला, "रोज रोज काय इचारता? नाय म्हनलं ना!" मी भिंतीपलीकडे दचकले. कमल मात्र खूश. "आज माणसासारखा बोललास," म्हणाली. मुलांनो, चिडायला चोरालाही येतं... घड्याळ अजून सापडलेलं नाही. मी तिला म्हटलं, इतका विश्वास बरा नव्हे. तेव्हा ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही. "विश्वास कुठं ठेवते मी, वहिनी? मी नजर ठेवते. आन् नजर ठेवायची तर माणूस जवळ लागतो."

ती गेल्यावर घर आपल्याकडे आलं. तुमच्या बाबांचा तिकडून फोन, "आई, त्या माणसाला आजच काढ आणि कुलूप लाव." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. विहारात राहायची सोय नव्हती आणि गाव तर बंदच. पुण्यानुमोदन होऊ दे, एवढीच मुदत मी मागून घेतली. तो कार्यक्रम झाला, खीर वाटली, भिक्खू गेले, खुर्च्या परत गेल्या. गुलमंडीतून आणलेलं नवं कुलूप घेऊन मी तिच्या अंगणात गेले. काय बोलायचं ते शब्दाला शब्द ठरवून गेले होते, तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे.

दिवेलागण झाली होती. तो नळापाशी उभा होता. ताठ, ओसरीकडे तोंड करून. ओसरीवर कुणीच नव्हतं. कमल गेल्यापासून रोज संध्याकाळी तो असाच उभा राहत असणार... किती वेळ राहून मग आत जात असेल, कुणास ठाऊक. मला पाहून तो म्हणाला, "मॅडम, खोली झाडून ठेवलीय. किल्ली खिडकीत हाय." बांधलेली पिशवी पायाशी होती. ही पिशवी मला दिसावी म्हणूनच ठेवली असेल, असंही मनात आलं.

मी ओसरीवर चढले. कुलूप हातात जड लागत होतं.

"गंगाराम."

"हाजिर."

"घड्याळ तू घेतलंस का?"

"नाय, मॅडम."

ते कुलूप मी आत जाऊन कमलच्या कपाटाला लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली. बाहेर आले तर तो अजून उभाच. मग लक्षात आलं, पुढचं वाक्य राहिलं होतं.

"झाली गिनती," मी म्हटलं, "जा. उद्या पुन्हा विचारीन."