श्वास धरून बसणाऱ्या बाई

मोठ्या बाई झोपलेल्या पोरांबरोबर आपला श्वास थांबवायच्या. सातपूरला कारखान्यात जाणाऱ्या बायकांची मुलं सांभाळायचं आमचं पाळणाघर होतं. दोन खोल्या, मागे मोरी. बाई मुख्य, मी त्यांच्या हाताखाली. दुपारी जेवणं झाली की सतरंज्यांवर वीसेक पोरं आडवी व्हायची. मीही भिंतीला टेकून डुलकी काढायची. बाई मात्र एकेका पोराजवळ जाऊन बसायच्या. त्याचा श्वास चालेल तसा आपला चालवायच्या, त्याचा अडकला की आपलाही थांबवायच्या. पोराने श्वास घेण्याआधी आपल्यालाच घ्यावा लागला, तर त्याला कुशीवर वळवून उशाशी भिंतीवर खडूची एक रेघ ओढायच्या.

"श्वास सोडून थांबायचं, मंदा. भरून घेऊन थांबलं तर आपणच जिंकतो," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

बोलायला फटकळ होत्या. एखादी आई म्हणाली, "आमचं बाळ गुणाचं, दिवसभर झोपतं," की लगेच विचारायच्या, "दुधासाठी तरी उठतं का? की तेही तूच उठवतेस?" चिडक्या पोराला कोणी हट्टी म्हटलं तर म्हणायच्या, "तुला चार रात्री धड झोप मिळाली नाही, तर तू काय आरत्या म्हणशील?" कोण मान मागे टाकून झोपतं, कोणाचं तोंड उघडं राहतं, कोणाची उशी घामाने भिजते, सगळं त्यांच्या लक्षात असायचं. "जाग्या पोराला सगळी गल्ली बघते. झोपलेल्याला कोण बघतं?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

माझा दीपू तेव्हा तीन वर्षांचा. माझ्याबरोबर तोही पाळणाघरात यायचा. घोरायचा तर खोलीभर आवाज. सासूबाईंना त्याचं कौतुक. "लय गाढ झोपतंय. बापावर गेलंय," असं शेजारणींना सांगायच्या. दीपूच्या उशाशी मात्र आठवड्यात सात रेघा झाल्या.

"घरी सांग," बाई म्हणाल्या.

मी घरी गेले आणि पीठ मळायला बसले. सासूबाईंसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "सांगितलंस?" मी खाली बघितलं. त्या रागावल्या नाहीत. "उद्या आजींना इथे जेवायला घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

सासूबाई आल्या, जेवल्या. बाईंनी त्यांना हाताला धरून दीपूजवळ बसवलं. "आजी, हा थांबला की तुम्हीपण श्वास सोडून थांबायचं."

"ह्यो काय पोरखेळ, बाई?"

"खेळून तर बघा."

दीपूचं घोरणं मध्येच तुटलं. पोट आत ओढलं जात होतं, पण आवाज नाही. सासूबाईंचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी भसकन श्वास घेतला. मग बाईंचं मनगट पकडून ओरडल्या, "आगं, ह्यानं आजून न्हाई घेतला!" तेवढ्यात दीपूने आचका देऊन श्वास ओढला आणि कूस बदलली. त्या संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन सासूबाईच दवाखान्यात निघाल्या. मी पिशवी घेऊन मागे. टॉन्सिल सुजले होते, नाकामागे मांस वाढलं होतं. ऑपरेशन झालं. मग घर इतकं शांत झालं की आवाज येत नाही म्हणून सासूबाईच घाबरायच्या आणि त्याच्या नाकाशी बोट धरायच्या.

पुढे कारखाना बंद पडला, पाळणाघरही गेलं. भिंतींना नवा रंग लागला. बाई घोटीला भावाकडे राहायला गेल्या. जाईन जाईन म्हणता वर्षं गेली. दीपू दहावी पास झाला तेव्हा मी पेढे घेऊन निघाले.

दुपार होती. बाई पुढच्या खोलीत खाटेवर झोपल्या होत्या. अंग फार सुटलं होतं. मान मागे, तोंड उघडं, आणि घोरणं. त्यांची वहिनी म्हणाली, "बसा. आता दिवसभर झोपतातच. काल तर ताटावर बसल्याबसल्या डोळा लागला." मी खाटेजवळ बसले. बाईंचा आवाज तुटला. मी श्वास सोडून थांबले. आधी मलाच घ्यावा लागला. असं तीनदा झालं.

"यांना दवाखान्यात..." मी एवढं म्हणाले.

"गाढ झोप लागलीय हो. झोपू द्या," वहिनी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी "हो" म्हटलं. चहा घेतला, पेढ्यांचा पुडा बाईंच्या उशाशी ठेवला आणि त्या जाग्या होऊ नयेत म्हणून आवाज न करता चपला घातल्या.

पंधरा दिवसांनी बाईंच्या भावाचा फोन आला. "झोपेतच गेल्या. काही त्रास झाला नाही," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि निवडायचे राहिलेले तांदूळ निवडले. रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

बाईंनी शिकवलं होतं त्यात बोलावं लागतच नव्हतं. वहिनीला हाताला धरून खाटेजवळ बसवायचं होतं, एवढंच.