अप्पा, जेट की रॉकेट?

स्टाफरूममध्ये काही वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. चहाच्या कपांना डाग चढतात तसे तेही चढत जातात, आणि विसळायला कुणाला वेळ नसतो. आमची स्टाफरूम लातूरच्या एका कोचिंग क्लासची. भूकंपाला दहाएक वर्षं झाली होती आणि गावात जिथं बघावं तिथं क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. मी केमिस्ट्री शिकवायचो. फिजिक्सला उदगीरचे बिराजदार सर, बायोलॉजीला नांदेडच्या शेख मॅडम. आमच्या तिघांचे किस्से बरेच आहेत. पण लोक अजून विचारतात ते अंतराळाचेच.

*

सुरुवात बिराजदार सरांनी केली. एकदा पेपर वाचता वाचता म्हणाले, "आता पैसे भरून अंतराळात जाता येणार म्हणे. दोन प्रकार आहेत. एक, रशियात लढाऊ जेटमध्ये पायलटच्या मागं बसवून वीसेक किलोमीटर वर नेतात. दुसरा, रॉकेट. ते शंभर किलोमीटरच्या वर जाणार, पण त्याच्या अजून चाचण्याच चालू आहेत. आत्ता फक्त नाव नोंदवून ठेवायचं."

शेख मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी विचारलं, "रॉकेट वर गेल्यावर चंद्रावर जातं का?"

"नाही. पाच-एक मिनिटं तरंगतं आणि खाली येतं."

"आणि जेट?"

"तेही खालीच येतं. ते तर खऱ्या अंतराळापर्यंत पोचतच नाही."

मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "म्हणजे एक जातच नाही आणि दुसरं थांबत नाही. मग पैसे कशाचे घ्यायलेत, सर?"

बिराजदार सरांनी पेपर घडी घालून ठेवला.

*

त्याच आठवड्यात सरांनी तो विषय वर्गात काढला. "रॉकेटमधला माणूस तरंगतो, का?"

अख्खा वर्ग म्हणाला, "तिथं गुरुत्वाकर्षण नसतं."

सर भडकले. "शंभर किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जवळपास इथल्याएवढंच असतं. माणूस तरंगतो, कारण तो आणि रॉकेट दोघंही सोबत पडत असतात. पडताना वजन जाणवत नाही."

हिमायतनगरची एक मुलगी उभी राहिली. "सर, आमचे काका विहिरीत पडले होते. त्यांना असं काही वाटलं नाही."

सर म्हणाले, "वेळ मिळाला नसेल."

ती बसली. पण पुढच्या परीक्षेत निम्म्या वर्गानं उत्तरात विहीर लिहिली, आणि त्यांना मार्क द्यावेत की नाही हे सरांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

*

मग अप्पा आले. मल्लिकार्जुन अप्पा डाळमिलवाले. त्यांची नात आमच्या वर्गात होती आणि सरांची रॉकेटची गोष्ट तिनं घरी जाऊन सांगितली होती. पांढरं धोतर, हातात पिशवी. सरळ स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सर, मला जायाचं हाय."

"कुठं?"

"वर."

आम्हाला वाटलं, नातीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे म्हणून म्हणतायत. मी जिना दाखवला. अप्पा म्हणाले, "तसं न्हाई. आभाळात. जेट बरं का रॉकेट, तेवढं सांगा. पैशाचं माझं मी बघतो."

बिराजदार सरांनी फळ्यावर आकृती काढली. जेटमधून आकाश काळपट दिसतं, पृथ्वीची गोलाई जरा कळते, आणि बराच वेळ बसायला मिळतं. रॉकेटमधून खरं अंतराळ दिसेल, पण ते आलं आणि गेलं.

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजी एक बुटकं अन् निवांत, दुसरं उंच अन् घाईचं. मधलं काई न्हाई का?"

"मधलं नाही."

"आमच्या धंद्यात मधलं असतंय," अप्पा म्हणाले.

आम्ही मत द्यायला बसलो. मी म्हणालो जेट, कारण ते आज मिळतं. सर म्हणाले रॉकेट, कारण बाकी सगळं म्हणजे नुसतं विमान. मॅडम म्हणाल्या, "या वयात दोन्ही नको." अप्पा तिघांना नमस्कार करून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

*

वेग सोसेल का, ही सरांना काळजी. जेटमध्ये माणूस खुर्चीत दाबला जातो, चक्कर येते. लातूरात जत्रा भरली होती. सर म्हणाले, "ब्रेक डान्समध्ये बसवून बघू." म्हणजे तो पाळणा, ज्यात खुर्च्या स्वतःभोवती फिरतात आणि सगळ्या मिळून मधल्या खांबाभोवती.

अप्पांना धीर द्यायला सर शेजारी बसले. मी आणि मॅडम खाली उभे. पाळणा सुरू झाला तसा सरांचा आवाज आधी मोठा झाला आणि मग बंद पडला. थांबल्यावर सर उतरले आणि कठड्याला धरून ओकले. अप्पा धोतर सावरत उतरले, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "चालू कवा व्हतंय?"

*

अप्पांना का जायचंय, हे आम्ही विचारलं नव्हतं. ते एका दुपारी कळलं.

वरच्या मजल्यावर धडधड झाली, खिडकीची काच वाजली. त्या काळात लातूरात असा आवाज झाला की विचार नंतर, पाय आधी. सर आणि मी रस्त्यावर, मॅडम आमच्या पुढं. परत आलो तर अप्पा तिथंच बसून चहा पीत होते. "पोरं बाक सरकवायलीत," म्हणाले.

मॅडमनी विचारलं, "अप्पा, तुम्हाला भीती नाही वाटली?"

अप्पांनी कप खाली ठेवला. त्यांचं गाव किल्लारीच्या शेजारचं. त्या पहाटे ते देगलूरला होते, तूर खरेदीला, लॉजवर. घरी बायको, दोन मुलं, थोरली सून. लेक लातूरला दिलेली, ती तेवढी राहिली.

"मला जाणवलंच न्हाई बगा," अप्पा म्हणाले. "मी झोपेत. तिकडं सगळं घर बसलं अन् मी कूस बदलली आसंल. सकाळी उठून च्या पिलो, भाव केला. मग कुणीतरी रेडिओ लावला." पुढं म्हणाले, "सर, लई उंचावरनं बघितलं तर किल्लारी अन् देगलूर एका नजरंत दिसतंय का? लई लांब हाय का ते, एवढंच बघायचं व्हतं."

बिराजदार सरांनी खडू उचलला. पण फळ्याकडं गेले नाहीत. म्हणाले, "दिसतं, अप्पा. जेटमधून दिसतं, रॉकेटमधूनही. आरामात."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या, मी सरांकडं. कारण दिसतं ते लातूरच्या वर गेलं तर. जेट उडत होतं रशियात.

हे सांगायचं कुणी? दोन दिवस आम्ही एकमेकांवर ढकललं. शेवटी मॅडमच बोलल्या. "अप्पा, तिकडून किल्लारी नाही दिसणार. तिकडचीच जमीन दिसेल."

अप्पांनी पिशवी उचलली. मग म्हणाले, "आसू द्या. त्यांची तर त्यांची."

*

अप्पा रशियाला गेले. जावई सोबत होता. परत आल्यावर काही दिवसांनी स्टाफरूममध्ये आले. बिराजदार सरांनी खुर्ची ओढली आणि परीक्षा घ्यावी तसे प्रश्न सुरू केले.

"आकाश काळं दिसलं?"

"दिसलं."

"गोलाई?"

"हाव, दिसली."

"खुर्चीत दाबल्यासारखं झालं?"

"झालं की. पण सर, एक गंमत झाली." अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कानात त्या पायलटचा आवाज येत व्हता. लई वर गेल्यावर त्यानं मला काईतरी इचारलं. त्याच्या भाषेत."

"काय विचारलं?"

"ते मला काय कळणार?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी घरच्यांची नावं सांगितली. चौघांची. एकेक करून."

बाहेर पुढच्या बॅचची पोरं सायकली लावत होती.

"मग?" मॅडमनी हळूच विचारलं.

"मग तो गप बसला. जरा येळानं त्यानं बी त्याची सांगितली."

बिराजदार सर म्हणाले, "अप्पा, तुम्हाला रशियन येत नाही. ती नावंच होती हे कशावरून?"

अप्पांनी सरांकडं असं बघितलं, की इतका शिकलेला माणूस हे काय विचारतोय.

"नावंच व्हती," ते म्हणाले.